भिंतीबाहेरचे रोगी

आजच्या भाषणासाठीं जो विषय मी घेतला आहे तो वरवर पाहतां हिशेबाचा आहे. रुग्णालयाच्या तिजोरींतला पैसा कोणावर खर्च व्हावा, हा तो विषय. कोणीहि चटकन् उत्तर देईल कीं, रुग्णालयाचा पैसा रोग्यांवर खर्च व्हावा. यांत विचारण्यासारखें काय आहे? उत्तर बरोबर आहे. परंतु रोगी कोणास म्हणावें? खाटेवर निजलेला माणूस तर रोगी खराच. पण जो अद्याप खाटेपर्यंत पोंचलेला नाहीं, आणि ज्या खोलींत तो राहतो ती खोलीच त्याला आज ना उद्यां खाटेवर आणून टाकणार आहे, त्याचें रुग्णालयाशीं कांहीं नातें आहे कीं नाहीं? या एका प्रश्नाचा मागोवा आज आपण घेऊं.

मी डॉक्टर नाहीं आणि हिशेबनीसहि नाहीं. उभा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु शिक्षकाच्या हातीं एक पुस्तक असें असतें कीं, जें डॉक्टरांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. तें म्हणजे हजेरीपट. वर्षानुवर्षें तो भरीत गेलें म्हणजे एक गोष्ट आपोआप ध्यानांत येते. पावसाळ्यांत ज्यांच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा दाट होतात तीं मुलें गांवभर सारखीं विखुरलेलीं नसतात. तीं ठराविक दोन-तीन आळ्यांतून येतात. एकाच आळींतलीं भावंडें, शेजारीपाजारी, आलटून पालटून आजारी पडतात. डॉक्टरांपुढें त्यांतलें प्रत्येक मूल सुटें येतें. शिक्षकाला सबंध आळी दिसते. एवढ्यापुरता या विषयावर बोलण्याचा अधिकार शिक्षकालाहि आहे, असें मी समजतों.

सुट्या रोग्याकडून आळीकडे वळण्याचा प्रयत्न कांहीं रुग्णालयांनीं केला आहे, आणि त्यासाठीं आपल्या तिजोरीचा एक कोपरा त्यांनीं वस्तींतील लोकांच्या संस्थांना उघडून दिला आहे. या प्रयत्नाचें ठळक उदाहरण अमेरिकेंत पाहावयास मिळतें. म्हणून प्रथम बोस्टन शहराकडे जाऊं.

बोस्टन हें मॅसॅच्युसेट्स राज्याच्या राजधानीचें शहर वैद्यकविद्येचें माहेरघर समजलें जातें. लाँगवुड नांवाच्या भागांत हार्वर्ड विद्यापीठाची वैद्यकशाळा आहे आणि तिच्या भोंवतीं जगद्विख्यात रुग्णालयें दाटीवाटीनें उभीं आहेत. तेथून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर रॉक्सबरी ही वस्ती लागते. तींत कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणारीं कुटुंबें मोठ्या संख्येनें राहतात. त्याच शहरांत बॅक बे हा धनिकांचा भाग आहे. बोस्टनच्या सार्वजनिक आरोग्य मंडळानें अलीकडे काढलेल्या हिशेबाप्रमाणें बॅक बेमधील एका विभागांत जन्मलेल्या मुलाचें आणि रॉक्सबरींतील एका विभागांत जन्मलेल्या मुलाचें अपेक्षित आयुष्य यांत सुमारें २३ वर्षांचा फरक आहे. आणि या दोन विभागांमधील अंतर मात्र अवघें दोन मैल आहे. त्रैराशिक मांडलें तर मैलामागें साडेअकरा वर्षें आयुष्य उणें!

हा फरक वैद्यांच्या अभावामुळें पडला असें म्हणतां येत नाहीं. वैद्य तर हाकेच्या अंतरावर आहेत. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हा. या अंधाराचें एक मोठें मूळ घरांच्या इतिहासांत सांपडतें. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या एका संस्थेनें शहरांचे नकाशे तयार करविले आणि घरांवर कर्ज देण्यास कोणता भाग सुरक्षित व कोणता धोक्याचा, हें रंगांनीं दाखविलें. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुधा तांबड्या रंगांत गेल्या. तांबडा रंग म्हणजे कर्ज मिळणें कठीण; कर्ज नाहीं म्हणजे दुरुस्ती नाहीं, स्वतःचें घर नाहीं, आणि भाड्याच्या जीर्ण घरांत पिढ्यान् पिढ्या काढणें आलें. १९६८ च्या कायद्यानें घरांच्या बाबतींतला असा भेदभाव निषिद्ध ठरला. परंतु कायदा झाला म्हणून भिंतींतली ओल सुकत नाहीं.

ओल म्हटली कीं बुरशी आली. फटी म्हटल्या कीं झुरळें आणि उंदीर आले. या सर्वांची सूक्ष्म धूळ श्वासावाटें आंत गेली कीं ज्या मुलाला दम्याची प्रवृत्ति आहे त्याला धाप लागते. मध्यरात्रीं आई त्याला उचलून रुग्णालयांत नेते. तेथें त्याला उत्तमांतलें उत्तम औषध मिळतें. दोन दिवसांनीं मूल हंसतखेळत बाहेर पडतें आणि त्याच खोलींत परत जातें. पुढल्या महिन्यांत पुन्हां तीच मध्यरात्र आणि तीच धांवपळ. रुग्णालय आपलें काम चोख करीत असतें, आणि ती खोलीहि आपलें काम चोख करीत असते.

हें चक्र तेथील मुलांच्या रुग्णालयाच्या, म्हणजे बोस्टन चिल्ड्रेन्स हॉस्पिटलच्या, ध्यानांत आलें आणि २००५ मध्यें त्यानें दम्यासंबंधीं एक उपक्रम हातीं घेतला. ज्या मुलांना दम्यामुळें तातडीच्या विभागांत यावें लागलें किंवा खाटेवर राहावें लागलें, त्यांच्या घरीं परिचारिका आणि वस्तीची भाषा व रीत जाणणारे आरोग्यसेवक जाऊं लागले. या कामीं वस्तींतील लहान संस्थांचेंहि साह्य घेतलें गेलें. घरीं जाणाऱ्यांच्या हातीं औषधांहून निराळ्या वस्तु असत: सूक्ष्म धूळ आंत अडकवून ठेवणारें झाडलोटीचें विजेचें यंत्र, गाद्या-उशांना घालावयाच्या घट्ट विणीच्या खोळी, झुरळा-उंदरांचा बंदोबस्त करण्याचें साहित्य. कोणतें औषध रोज घ्यावयाचें आणि कोणतें धाप लागल्यावर, हें ते आईला तिच्या भाषेंत समजावून देत. घरमालक दुरुस्तीस दाद देत नसेल तर शहराच्या तपासणी खात्याकडे जाण्याची वाटहि दाखवीत.

या उपक्रमाचा अहवाल २०१२ मध्यें बालवैद्यकाच्या एका मान्य नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. २८३ मुलांचा तो हिशेब होता. वर्षभरानंतर तातडीच्या विभागांत यावें लागणाऱ्या मुलांचें प्रमाण ६८ टक्क्यांनीं, आणि खाटेवर दाखल करावें लागणाऱ्यांचें प्रमाण सुमारें ८५ टक्क्यांनीं उतरलें होतें. येथें गणित शिकविणाऱ्यानें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. जीं मुलें ऐन आजारांत असतांना निवडलीं जातात तीं पुढल्या वर्षीं आपोआपहि कांहींशीं सुधारतात. तेव्हां सगळें श्रेय उपक्रमाच्या पदरांत टाकतां येणार नाहीं. संशोधकांनीं खर्चाची तुलना तशाच इतर वस्त्यांशीं करून पाहिली, ती यासाठींच उपयोगी आहे. त्या तुलनेंतहि एका डॉलरच्या खर्चामागें १ डॉलर ४६ सेंट इतका परतावा दिसून आला.

तर मग प्रत्येक रुग्णालय असा उपक्रम कां हातीं घेत नाहीं? यांत एक मेख आहे. पैसे वांचले खरे, पण कोणाचे? अमेरिकेंत रुग्णालयाला उत्पन्न होतें तें बहुतांशीं रोगी आल्यावर आणि त्याच्यावर उपचार केल्यावर. मूल रुग्णालयांत आलेंच नाहीं तर विमा उतरविणाऱ्याचा आणि सरकारचा खर्च वांचतो. रुग्णालयाचें उत्पन्न मात्र तेवढें बुडतें. बांध एका शेतकऱ्यानें घालावा आणि पाणी दुसऱ्याच्या विहिरीस लागावें, तशांतला हा प्रकार आहे. निव्वळ व्यवहार पाहणारें रुग्णालय असा बांध कां घालील? म्हणून या कामीं केवळ औदार्यावर विसंबून भागत नाहीं. त्याला कायद्याचा आधार लागतो.

तो आधार कसा निर्माण झाला हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक सार्वजनिक वापराचीं रुग्णालयें नफा न वांटणाऱ्या संस्थांचीं आहेत. त्यांना प्राप्तिकर नाहीं, आणि बहुतेक ठिकाणीं मालमत्तेवरचा करहि नाहीं. सरकारनें सोडून दिलेला कर म्हणजे लोकांचाच पैसा. त्याच्या मोबदल्यांत लोकांना काय मिळावें? १९५६ मध्यें तेथील करखात्यानें सांगितलें कीं, रुग्णालयानें ऐपतीप्रमाणें गरिबांवर विनामूल्य वा अल्पमूल्य उपचार करावे. १९६९ मध्यें ही व्याख्या रुंद करण्यांत आली आणि 'समाजहित' हा शब्द पुढें आला. शब्द मोठा, परंतु सैल. त्यांत काय बसतें आणि काय बसत नाहीं हें ठरविणें कठीण. २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यानें त्याला थोडी शिस्त लावली. प्रत्येक करमुक्त रुग्णालयानें दर तीन वर्षांनीं आपल्या परिसरांतील आरोग्याच्या गरजांची पाहणी करावी. ती करतांना वंचितांच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें. अहवाल सर्वांना पाहतां येईल असा प्रसिद्ध करावा. आणि त्या गरजांसाठीं आपण काय करणार हें लिहून काढावें. ही पाहणी चुकविणाऱ्यास ५० हजार डॉलरांचा भुर्दंड.

कायदा झाला, पण कायद्याचें माप पैशाच्या ओघावरून घ्यावें. कायद्यापूर्वींची, म्हणजे २००९ सालचीं करपत्रकें घेऊन १,८०० हून अधिक रुग्णालयांचा जो अभ्यास २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला, त्याचे आंकडे पाहा. रुग्णालयांच्या चालू खर्चापैकीं सरासरी साडेसात टक्के रक्कम समाजहिताच्या सदरांत पडत होती. त्या रकमेंतील ८५ टक्क्यांहून अधिक भाग रुग्णालयाच्या आंतल्या उपचारांवरच जाई. वस्तींतलें आरोग्य सुधारण्याच्या प्रत्यक्ष कामाला येई तो त्यांतला सुमारें ५ टक्के. आतां हें उदाहरण सोडवूं. शंभर डॉलर खर्च. त्यांत समाजहित साडेसात डॉलर. आणि साडेसात डॉलरांचे ५ टक्के म्हणजे साडेसदतीस सेंट. शंभर डॉलरांतून अर्धा डॉलरदेखील भिंतीबाहेर पडला नाहीं! विनामूल्य उपचारांची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. परंतु ज्या ओलीनें मूल आजारी पडतें तिच्या वांट्याला साडेसदतीस सेंट, आणि त्या ओलीनें झालेल्या आजाराच्या वांट्याला उरलेले सर्व, ही वांटणी कोणत्याहि मुलाला पाटीवर चुकीचीच दिसेल.

मॅसॅच्युसेट्स राज्यानें यावर एक निराळा तोडगा काढला आहे. तेथें रुग्णालयाला मोठा विस्तार करावयाचा असला तर राज्याच्या आरोग्य खात्याची अनुज्ञा लागते, आणि अनुज्ञेबरोबर एक अट येते. विस्ताराच्या भांडवली खर्चाच्या ५ टक्क्यांच्या हिशेबानें रक्कम समाजाच्या आरोग्यकार्याला द्यावी लागते. मुलांच्या ज्या रुग्णालयाचा उल्लेख मीं केला, त्याला २०१६ मध्यें सुमारें १ अब्ज डॉलरांच्या विस्ताराची परवानगी मिळाली. तिच्यापोटीं ५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम, कांहीं वर्षांत विभागून, अशा कार्यासाठीं निघाली. घरावांचून होणारी कुटुंबांची फरपट थांबविणें, पांच वर्षांखालील मुलांचें संगोपन, तरुणांचें मानसिक आरोग्य, अशीं कामें करणाऱ्या स्थानिक संस्थांना तींतून अनुदानें मिळूं लागलीं. इमारतीची उंची वाढेल त्या प्रमाणांत वस्तीचा वांटाहि वाढावा, हें या नियमाचें मर्म आहे, आणि तें मला फार न्यायाचें वाटतें.

येथें कोणी विचारील कीं, पैसा द्यावयाचा तर द्यावा, पण तो लहानसहान मंडळांच्या हातीं कशाला? रुग्णालयाजवळ विद्वान् डॉक्टर आहेत, शिस्त आहे, हिशेब ठेवणारे कारकून आहेत. त्यांनींच आपलीं माणसें वस्तींत पाठवावीं. हा आक्षेप वजनदार आहे. त्याचें उत्तर एका डॉक्टराच्याच चरित्रांत मिळतें.

जॅक गायगर हे अमेरिकन डॉक्टर विद्यार्थिदशेंत, १९५७ च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेंत गेले होते. तेथें नाताळ प्रांतांतील फोलेला या ठिकाणीं सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्यानें १९४० मध्यें झुलू लोकांसाठीं एक आरोग्यकेंद्र उभारलें होतें. केंद्राचे लोक घरोघर हिंडत, भाजीपाल्याचे मळे लावीत, शौचकूप बांधवीत. औषध हा त्या कामाचा एक भाग होता. हा धडा घेऊन गायगर परतले, आणि १९६५ मध्यें काउंट गिब्सन यांच्यासह त्यांनीं बोस्टनमध्येंच, कोलंबिया पॉइंट या गरिबांच्या वसाहतींत, एक आरोग्यकेंद्र उघडलें. पैसा सरकारचा होता आणि तो टफ्ट्स विद्यापीठाच्या वैद्यकशाळेमार्फत येत होता. अमेरिकेंतील लोकवस्तीच्या आरोग्यकेंद्रांचा आरंभ येथूनच धरतात. आज अशा केंद्रांतून ३ कोटींहून अधिक लोकांना सेवा मिळते.

त्यांचें दुसरें केंद्र मिसिसिपी राज्यांत माउंड बायू येथें निघालें. तेथें कापसाच्या शेतांवर राबणारीं कृष्णवर्णीय कुटुंबें अक्षरशः उपाशी होतीं. उपाशी मुलांना पाहून डॉक्टरांनीं औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देण्यास सुरुवात केली. वाण्यानें चिठ्ठी पाहून धान्य व दूध द्यावें आणि बिल आरोग्यकेंद्राच्या औषधखात्यावर पाठवावें! वरिष्ठांकडून विचारणा झाली कीं, औषधाचा पैसा अन्नावर कसा? गायगर यांनीं उत्तर दिलें तें असें कीं, उपासमारीच्या रोगावर वैद्यकग्रंथांत अन्न हेंच औषध सांगितलें आहे. या उत्तरापुढें कोणाचें काय चालणार? परंतु या गोष्टीचा जो भाग लोक कमी सांगतात तोच आपल्या विषयाला अधिक लागू आहे. चिठ्ठ्यांवर किती दिवस जगावयाचें, हा प्रश्न तेथील लोकांनाच पडला. त्यांनीं जमीन मिळवून सहकारी शेती सुरू केली आणि स्वतः भाजीपाला पिकवूं लागले. चिठ्ठीची कल्पना डॉक्टरांची होती. चिठ्ठीची गरज संपविण्याची वाट मात्र तेथील लोकांच्या मेहनतीनें निघाली. म्हणून पैसा वस्तींतल्या संस्थेच्या हातीं जावा लागतो. कोणतें दार कोणत्या वेळीं ठोठावावें, कोणत्या घरीं आई रात्रपाळीला जाते, कोणता घरमालक बोलण्यानें वळेल आणि कोणता नोटिशीनें, हें ज्ञान पदवीबरोबर मिळत नाहीं.

ओहायओ राज्यांतील कोलंबस शहरांत याहून एक पाऊल पुढें गेलेलें दिसतें. तेथील नेशनवाइड चिल्ड्रेन्स हॉस्पिटल या मुलांच्या रुग्णालयाच्या आसपासची वस्ती ओसाड पडत चालली होती. टाळे ठोकलेलीं घरें गल्लोगल्लीं दिसत होतीं. २००८ मध्यें रुग्णालयानें एका स्थानिक संस्थेला बरोबर घेऊन पडक्या घरांची डागडुजी, नव्या घरांची बांधणी आणि राहत्या घरमालकांना दुरुस्तीसाठीं साह्य असा उद्योग आरंभिला. रुग्णालयानें घरें कां बांधावीं, असें कोणी विचारलें तर तेथील डॉक्टरांचें उत्तर तयार होतें. वस्ती हीच आमची रोगी आहे, असें ते म्हणत.

तथापि हा मार्ग खांचखळग्यांचा आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. पहिला खळगा दिखाऊपणाचा. एखाद्या रविवारीं मैदानावर तंबू ठोकावा, शेंदोनशें लोकांचा रक्तदाब मोजावा, छायाचित्रें काढावीं आणि तो खर्च समाजहितांत लिहावा, हें सोपें आहे. दुसरा खळगा मुदतीचा. अनुदान एका वर्षाचें आणि रोग पिढ्यांचा, असा विषम सामना होतो. आरोग्यसेविकेला घरोघर ओळख करून घेण्यास वर्ष लागतें, आणि ओळख होते न होते तोंच पैसा संपतो. तिसरा खळगा कागदांचा. ज्या मंडळांत तीन-चार बायका आपलें घरकाम सांभाळून काम करतात त्यांच्याकडून मोठ्या संस्थेसारखे तक्ते आणि अहवाल मागितले, तर पैसा शेवटीं ज्यांना अर्ज लिहितां येतात त्यांच्याच घरीं जातो. आणि चौथा खळगा सर्वांत खोल आहे. पैसा कोठें जावा हें कोण ठरविणार? रुग्णालयाच्या मंडळानें बंद खोलींत ठरविलें तर त्याला दान म्हणावें. वस्तींतलीं माणसें त्याच मेजाभोंवतीं बसून ठरवूं लागलीं तर त्याला हक्क म्हणतां येईल. या दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

असेंहि विचारलें जातें कीं, घरें, पाणी, गटारें हीं नगरपालिकेचीं आणि सरकारचीं कामें. रुग्णालयाच्या गळ्यांत हें लोढणें कां? कामें सरकारचीं आहेत यांत वाद नाहीं, आणि रुग्णालयाचें अनुदान सरकारची जागा कधींहि घेऊं शकणार नाहीं. परंतु अमुक गल्लींतून महिन्यांत कितीं मुलें धापा टाकीत आलीं, ही नोंद प्रथम रुग्णालयाजवळच होते. ज्याला चोराची चाहूल आधीं लागते त्यानें निदान हांक तरी मारली पाहिजे. त्यांतून ज्याचा कर लोकांनीं सोडला आहे, त्यानें तर मारलीच पाहिजे.

आतां कोणी म्हणेल, हें सारें सातासमुद्रांपलीकडचें. त्याचा आपणांशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो कायद्याचाच आहे. सवलतीच्या बदल्यांत सेवा, हें तत्त्व महाराष्ट्रानेंहि स्वीकारलेलें आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमांत ४१ कक हें कलम आहे, आणि त्याखालीं मुंबई उच्च न्यायालयानें २००६ मध्यें ठरवून दिलेली योजना धर्मादाय रुग्णालयांना बंधनकारक आहे. तिच्याप्रमाणें अशा रुग्णालयानें १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठीं विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवावयाच्या असतात. शिवाय आपल्या बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या खात्यांत टाकावयाची असते. आपल्या शेजारींपाजारीं हें ज्यांना ठाऊक नसेल त्यांना तें आवर्जून सांगावें. कित्येक गरजू लोक केवळ अज्ञानामुळें या हक्काला मुकतात.

परंतु या योजनेचें वाचन शांतपणें करा. तींत खाट आहे, बिल आहे, निधि आहे. आळी कोठेंहि नाहीं. रोगी निर्धन असेल तर त्याचें बिल माफ होईल. पण ज्या खोलीनें त्याला आणलें त्या खोलीकडे पाहण्याची जबाबदारी या निधीवर नाहीं. राखीव खाटा कमी कराव्या असें मी मुळींच म्हणत नाहीं. आहेत त्याच गरजूंना पुऱ्या पडत नाहींत. त्यांतली एकहि जाऊं नये. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्या सवलतीच्या पोटीं खाट मागतां येते, तिच्याच पोटीं थोडासा वांटा भिंतीबाहेरच्या कामासाठींहि मागतां येईल. आणि तो वांटा इमारतींच्या नव्या विस्ताराशीं जोडला तर कोणाच्या चालू खर्चावर एकदम भार पडणार नाहीं.

ही कल्पना आपल्या मातींत रुजणार नाहीं, ही शंका तर कोणी घेऊंच नये. जामखेडचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० मध्यें, तेव्हांच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील त्या दुष्काळी भागांत काम आरंभिलें. त्यांनीं दवाखाना उघडला, पण खरा भर दिला तो गांवोगांवच्या स्त्रियांवर. गांवानें निवडलेल्या, पुष्कळदां निरक्षर आणि दलित समाजांतल्या स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका केलें. महिला मंडळें आणि शेतकरी मंडळें उभीं केलीं. बाळंतपण, पाणी, मुलांचें खाणें हे विषय त्या मंडळांचे झाले. ज्या बाईच्या हातचें पाणी गांव पीत नव्हतें तिच्या हातून गांव बाळंतपणें करवून घेऊं लागलें. यांत आरोग्याइतकीच मोठी सामाजिक क्रांति आहे. या कार्याबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानेंहि डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखालीं वढू परिसरांतील खेड्यांत असेंच पाऊल टाकलें होतें. शहरांतल्या रुग्णालयाचे हात खेड्यापर्यंत पोंचूं शकतात, हें त्यानें दाखवून दिलें. हीं उदाहरणें थोर व्यक्तींच्या निष्ठेवर उभीं राहिलीं. निष्ठा ही मागून मिळत नाहीं. नियम मात्र मागतां येतो.

आणि तो मागण्याचें काम, श्रोतेहो, ज्यांच्या घरीं हें भाषण ऐकलें जात आहे त्यांचें आहे. आपणांपैकीं कोणी विश्वस्त असतील, कोणी डॉक्टर असतील, कोणी आईबापांच्या स्मरणार्थ रुग्णालयास देणगी देणारे असतील. देणगी देतांना खाटेवर नांवाची पाटी लागते, आणि ती लागावी. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु त्याच वेळीं विश्वस्तांना आणखी एक प्रश्न विचारावा: "आपल्याकडे वारंवार येणारे रोगी कोणत्या आळींतून येतात, आणि त्या आळींत आपण काय करतां?" वार्षिक अहवालांत शस्त्रक्रियांची संख्या छापतात तशी या प्रश्नाच्या उत्तरालाहि एक ओळ मिळाली पाहिजे. वस्तींतल्या एखाद्या महिला मंडळाला तीन वर्षांचें वेतन बांधून दिलें, आणि खर्चाचा निर्णय त्या बायकांसह एका सतरंजीवर बसून घेतला, तर त्या देणगीची पाटी कोणत्याहि भिंतीवर दिसणार नाहीं. ती दिसेल रिकाम्या राहिलेल्या खाटेंत.

रुग्णालयाचा मोठेपणा आपण त्याच्या खाटांच्या संख्येवरून मोजीत आलों. त्या खाटांची गरज ज्याच्यामुळें कमी पडूं लागली, तें रुग्णालय अधिक मोठें, असें माप आपल्या मनांत रुजेल तेव्हां कायदाहि फार दूर राहणार नाहीं.